राहतात

बोरखाडी हे शहर की गाव,
यावरच आधी आठ दिवस गेले.
नगरपरिषद आहे, म्हणून शहर.
एसटी स्टँडात दुपारी म्हशी बसतात, ते लिहिलं नाही.

मी जेट्टीच्या तिकीटखिडकीत असतो.
सव्वाअकराची लाँच सुटली की पाऊण तास कोणी फिरकत नाही,
ओहोटी असली तर दीड.
तेवढ्यात मोबाइलवर ज्ञानकोशातलं आमचं पान उघडतो
आणि दुरुस्त करत बसतो.
किल्ल्याचा फोटो भलत्याच किल्ल्याचा होता. काढला.
'सोनेरी वाळू' होतं. आमची काळी. केली काळी.

मग शेवटून दुसरं वाक्य:
'येथे पूर्वी ज्यू लोक राहत असत.'

पूर्वी.
असत.

त्याच सकाळी रहमीमकाकांनी माझ्याकडून
सुट्टे नऊ रुपये नेले होते
आणि बांगडा महागला म्हणून मलाच झापलं होतं.

'पूर्वी' खोडलं. 'राहत असत'चं 'राहतात' केलं.
अकरा मिनिटांत कोणीतरी उलटवलं.
पुढे बारीक अक्षरांत: संदर्भ हवा.

संदर्भ.
तेलीआळीत पाच घरांच्या चौकटीवर,
आत शिरताना उजवीकडे, खांद्याइतक्या उंचीवर
एक तिरपी खाच आहे.
एका घरात आता ब्यूटी पार्लर;
रंगाऱ्याने लांबी भरून खाच बुजवली,
तरी पावसाळ्यात लाकूड फुगलं की ती परत दिसते.
पानावर ज्याला सिनेगॉग म्हटलंय
आणि आम्ही ज्याला काकांची मशीद म्हणतो,
तिचं वीजबिल येतं. एका बल्बचं. एकशे अठरा रुपये.
ग्राहकाचं नाव: रहमीम एलोजी बोरखाडकर.
तिकडे अश्दोदला तीस-चाळीस बोरखाडकर आहेत म्हणे,
त्यांतल्या निम्म्यांनी ही खाडी पाहिलेली नाही.
मी बिलाचा फोटो चढवला.

पलीकडून प्रश्न आला: लोकसंख्या किती?
एक, म्हटलं.
मग बहुवचन कशाला? 'राहतो' करा.

बोट थांबलं.
ज्यांनी मला कमरेला रिकामा डबा बांधून
या खाडीत पोहायला शिकवलं,
त्यांना सगळ्या जगासमोर अरे-तुरे?
लिहिलं: मराठीत एकट्या माणसालाही 'राहतात' म्हणतात,
माणूस तेवढा असेल तर.
यावर उत्तर आलं नाही. वाक्य राहिलं.

रविवारी काकांना पान वाचून दाखवलं.
ते नारळ खवत होते.
'हे लोक घाण्यावर तेल गाळीत व शनिवारी काम बंद ठेवीत'
इथे खवणी थांबली.

"लोक बंद ठेवीत! आणि बैल?
आमच्या आज्याचा कवड्या होता.
शुक्रवारी सूर्य खाडीत उतरला की जू काढायचं,
डोळ्यांवरची झापडं काढायची.
सहा दिवस तो गोल फिरायचा.
शनिवारी सरळ चालायचा.
खाजणापर्यंत सरळ, आणि परत.
गावात दुसऱ्या कुणाच्या बैलाला हे नव्हतं.
ते लिही.
माझं नाव काढलंस तरी चालेल."

लिहिलं. चार मिनिटांत गेलं.
कारण: उल्लेखनीय नाही.

भांडलो नाही. लाँच लागली होती,
रांगेत एका बाईंच्या पाटीतली कोंबडी सुटली होती.

पण पानाच्या माथ्यावर 'इतिहास' म्हणून एक दार असतं.
खोडलेलं सगळं तिथे तारीखवार पडून राहतं.
परवा रात्री उघडून पाहिलं.
दोन आवृत्त्यांच्या मधल्या त्या चार मिनिटांत
कवड्या आहे,
झापडं काढलेला,
खाजणाकडे निघालेला.

काकांना अजून सांगितलं नाही.
ओहोटी लांबली एखाद्या दिवशी, तर सांगेन.